पाते, मूठ आणि चिठ्ठी

जुना मिटता चाकू घ्यायचा तर पूर्वी मुंबईच्या चोरबाजारात जावे लागे. तेथे तो हातात घेऊन, उघडून-मिटून, पात्यावर नख फिरवून पाहता येई. आता खेडसारख्या तालुक्याच्या गावी बसूनही तो इंटरनेटवरून मागवता येतो. चार छायाचित्रे आणि सहा ओळींचे वर्णन एवढ्या आधारावर पैसे दिले जातात आणि खरी परीक्षा पुडके घरी आल्यावर सुरू होते. वाचन आधी घडते, दर्शन मागाहून. साहित्याच्या अभ्यासकांना ही अवस्था अपरिचित नाही. हस्तलिखित पाहण्याआधी बहुधा आपण त्याची छापील आवृत्तीच वाचलेली असते.

अशा वेळी मनात येणारा प्रश्न एकच असतो : ही वस्तू खरी आहे का? परंतु या एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न आहेत. वस्तू स्वतःची जी जात आणि जो काळ सांगते, त्या जातीची व त्या काळाची ती आहे का, हा पहिला. ज्या व्यक्तीची म्हणून ती दाखवली जाते, त्या व्यक्तीची ती होती का, हा दुसरा. आणि ज्या प्रसंगाशी तिचे नाव जोडले जाते, त्या प्रसंगी हीच वस्तू हाती होती का, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर पोलाद देऊ शकते. दुसऱ्यासाठी लेख आणि मालकीची साखळी लागते. तिसऱ्यासाठी समकालीन साक्षच हवी. महाराष्ट्रात ऐतिहासिक शस्त्रांविषयी जे वाद होतात, त्यांतील पुष्कळ वाद हे तीन प्रश्न एकत्र कालवल्यामुळे होतात, असे आम्हांस वाटते.

आधी चाकूच पाहू. पात्याच्या मुळाशी, मुठीलगत, कारागिराची किंवा कंपनीची खूण ठोकलेली असते. इंग्लंडातील शेफील्ड परिसरात चाकू-कात्र्या करणाऱ्यांचा संघ १६२४ साली कायद्याने स्थापन झाला आणि अशा खुणांची नोंद तो ठेवू लागला. तेथील जोसेफ रॉजर्स या कंपनीची तारा आणि माल्टाचा क्रूस ही जोडखूण पुढे जगभर पोचली. आणि जी खूण जगभर पोचते तिची नक्कलही जगभर होते. एकोणिसाव्या शतकात जर्मन मालावर शेफील्डचे नाव ठोकून तो विकला जाई. या प्रकाराला आळा घालण्यासाठी ब्रिटनने १८८७ साली व्यापारी खुणांचा कायदा केला; हिंदुस्थानात तसाच कायदा १८८९ साली आला. जर्मनीतील झोलिंगेन या पोलादी हत्यारांच्या गावाचे नाव तर १९३८ पासून कायद्यानेच संरक्षित आहे. तेव्हा खूण दिसली म्हणजे परीक्षा संपली असे नव्हे. ती तेथे सुरू होते.

खुणेचा मेळ झिजेशी बसतो का, हे पाहावे लागते. वर्षानुवर्षे धार लावलेले पाते अरुंद होत जाते. पण मुळाजवळच्या खुणेला सहसा सहाणेचा स्पर्श होत नाही, ती हाताळण्याने हळूहळू पुसट होते. पाते झिजून निम्मे झालेले आणि खूण मात्र काल ठोकल्यासारखी धारदार, असे दिसले तर थांबून विचार करावा. चाकू मिटल्यावर पात्याचे टोक मुठीच्या खाचेत पुरते बुडते की वर डोकावते? उघडल्यावर पाते डावीउजवीकडे डुगडुगते का? खटक्याचा चाकू असेल तर खटका पाते घट्ट धरतो का? मुठीच्या दोन्ही पट्ट्या एकाच वयाच्या आहेत, की एक शिंगाची आणि दुसरी मागाहून बसवलेली? मूठ सेल्युलॉइडची असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा पदार्थ जुना होऊन कुजू लागला की त्यातून निघणारे आम्लयुक्त वायू जवळच्या पोलादाला खातात. म्हणून मुठीत मिटून राहणाऱ्या भागावरच गंजाचे खड्डे असतील, तर दोष पात्याचा नसून मुठीचा असू शकतो.

खोटी खूण ही काही यंत्रयुगाची देणगी नव्हे. दख्खनमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपातून तलवारीची पाती येत. त्यांना येथील मूठ बसवली जाई आणि अशी तलवार ‘फिरंग’ म्हणून ओळखली जाई. पाते परदेशी, मूठ देशी; एका अर्थी प्रत्येक फिरंग ही दुसऱ्या हाताची वस्तूच होती. इटलीतील जिनोआच्या पात्यांवर विळ्याच्या आकाराचे दातेरी कंस असत, तर जर्मनीतील पासाऊच्या पात्यांवर धावता लांडगा. हा लांडगा झोलिंगेनच्या लोहारांनी उचलला आणि ते कंस युरोपभरच्या लोहारांनी; आपल्याकडील कारागिरांनीही ते आपल्या पात्यांवर उमटवले. साताऱ्याच्या राजघराण्यात पूजिल्या जाणाऱ्या भवानी तलवारीचे पाते उत्तम जिनोआचे असल्याचे ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहून ठेवले आहे. हे त्याच्या नजरेने केलेले अनुमान आहे आणि ते पहिल्या प्रश्नापुरते आहे. पाते जिनोआचे ठरले तरी ते कोणाच्या कमरेला होते, हे त्यावरून कळत नाही.

याच ग्रँट डफच्या नावाशी आपल्या काळातील सर्वांत गाजलेला वाद निगडित आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आणण्यात आली आणि जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ती प्रथम मांडली गेली. डफच्या वंशजांनी १९७१ साली ती संग्रहालयाला दिली होती. तिच्याबरोबर एक बेताची पेटी आहे आणि पेटीवर इंग्रजी मजकूर आहे. त्याचा आशय असा : ज्या वाघनखांनी शिवाजीने मोगल सेनापतीस मारले ती ही, ईडनचे जेम्स ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट असताना पेशव्यांच्या मुख्य प्रधानाने त्यांस ती दिली. ही वाघनखे शिवाजी महाराजांनी वापरलेलीच होत, याची खातरजमा करता आलेली नाही, असे संग्रहालय स्वतःच सांगते. कोल्हापूरचे इतिहास-अभ्यासक इंद्रजित सावंत यांनीही या दाव्यास जाहीर आक्षेप घेतला.

या वादात पोलादाची चर्चा पुष्कळ झाली, मजकुराची तुलनेने कमी. आमच्या मते मजकूर हाच येथे मुख्य पुरावा आहे आणि तो साहित्याच्या विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. पहिली गोष्ट : अफझलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, मोगलांचा नव्हे. ज्या डफने या प्रकरणाचा इतिहास लिहिला, त्याच्या हातून ही चूक होणे संभवत नाही. दुसरी गोष्ट : ‘ईडनचे ग्रँट डफ’ हे नाव. जेम्स ग्रँट १८१८ पासून १८२२ पर्यंत साताऱ्यास होता. स्कॉटलंडमधील ईडनची जहागीर त्याच्याकडे आली ती १८२५ च्या सुमारास आणि ‘डफ’ हे जोडनावही त्याने त्याच वेळी घेतले. म्हणजे मजकूर देणगीच्या वेळचा नाही. तो मागाहूनचा, स्कॉटलंडमधला आहे. तिसरी गोष्ट : दुसऱ्या बाजीरावाने जून १८१८ मध्ये शरणागती पत्करली आणि तो बिठूरला गेला. साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह होते. डफ रेसिडेंट असतानाचा ‘पेशव्यांचा मुख्य प्रधान’ म्हणजे नेमका कोण?

यावरून वाघनखे खोटी ठरतात का? नाही. हत्यार जुने असू शकेल, साताऱ्याहून गेलेले असू शकेल, एखाद्या जुन्या कारभाऱ्याने ते खरोखर भेट दिलेले असू शकेल. ठरते ते एवढेच की, पेटीवरील मजकूर ऐकीव आहे, कोणा त्रयस्थाने किंवा पुढच्या पिढीने लिहिलेला असावा, आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार त्याला नाही. प्रसंगाची साक्ष इतर ग्रंथांत शोधावी, तर तेथेही पाठभेद आहेत. १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत वाघनख आणि बिचवा दोन्ही आहेत; त्याआधीच्या, कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त मात्र कृपाणाचा उल्लेख येतो. संग्रहालयातील वस्तू सभासदाच्या पाठाला अनुसरते. तेवढ्याने ती त्या पाठाचा पुरावा होत नाही, जसे एखाद्या कवितेसाठी काढलेले चित्र त्या कवितेच्या मूळ पाठाचा पुरावा होत नाही.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवून पाहावे. एप्रिल २०२५ च्या अखेरीस लंडनमध्ये सदबीज या लिलावगृहात नागपूरकर भोसल्यांची एक तलवार विक्रीस आली. महाराष्ट्र शासनाने ती मध्यस्थामार्फत घेतली. एकूण खर्च ४७.१५ लाख रुपये झाला आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईत पोचली. पाते सरळ, एकधारी, युरोपीय. मूठ येथील, सोन्याच्या नक्षीची. पात्याच्या पाठीवर सोन्याने देवनागरी अक्षरे लिहिली आहेत : ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’. येथे चिठ्ठी पेटीवर नाही, पोलादावर आहे. रघूजी भोसले यांचा काळ १६९५ ते १७५५. सेनासाहेबसुभा हे पद त्यांना शाहू छत्रपतींकडून मिळालेले. नाव आणि पद यांचा मेळ बसतो, आणि आपले पाते परदेशी असल्याचे तलवार स्वतःच कबूल करते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हा लेख वजनदार आहे. तरीही ही तलवार बंगालच्या किंवा ओडिशाच्या मोहिमेत चालली, असे त्यावरून म्हणता येणार नाही. नाव मालकी सांगते, पराक्रम सांगत नाही. नागपूरहून ती लंडनला १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर गेली, की १८५४ मध्ये राज्य खालसा झाल्यावर, की भेट म्हणून, हा साखळीतील दुवा वेगळाच शोधावा लागेल.

खेडमध्ये राहणाऱ्यांना हा प्रश्न दूरचा नाही. पूर्वेकडे सह्याद्रीची भिंत उभी आहे. तिच्या पलीकडे १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलेली जावळी आणि १० नोव्हेंबर १६५९ ची भेट जेथे झाली तो प्रतापगड. बिरमणीहून हातलोट घाटाने वर चढले की त्याच मुलखात पाऊल पडते. घाटाच्या या अंगाला, खेड तालुक्यातच, रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड आहेत. रसाळगडावर झोलाईच्या देवळाच्या आसपास आणि माथ्यावर इतरत्र जुन्या तोफा आजही पडून आहेत. त्यांना पेटी नाही, लिलावाची पावती नाही. त्यांची ग्वाही त्यांच्या वजनाने आणि जागेने दिली आहे. विकण्याच्या लोभाने त्या सहजी कोणी खाली उतरवल्या नाहीत, आणि लबाडी करण्यासाठी कोणी वरही चढवणार नाही. उलट वाघनख मुठीत मावते, चाकू मिटून खिशात जातो. हत्यार जितके लहान, तितके ते फिरते. आणि जितके फिरते, तितके ते शब्दांवर विसंबते. तोफ जागेवरून वाचावी लागते, चाकू मात्र चिठ्ठीवरून.

वस्तूची स्थिती हाही पुराव्याचाच भाग आहे. पोलादावर काळाने चढलेली काळसर झाक म्हणजे मळ नव्हे. ती वयाची नोंद असते. तांबूस, भुसभुशीत, बोटाला लागणारा गंज मात्र चालू रोग आहे आणि तो थांबवलाच पाहिजे. कोकणच्या पावसाळी हवेत हे अधिकच खरे. परंतु खंडेनवमीला हत्यारे घासूनपुसून लखलखीत करण्याची आपली रीत आहे. त्या भक्तीत खोट काढण्याचे कारण नाही. मात्र वर्षानुवर्षे घासताना काळाची झाक जाते, पुसट खूण आणखी पुसते, सोन्याचे अक्षर झिजते. पूजेने वस्तू जिवंत राहते आणि तिची साक्ष हळूहळू मुकी होते, हा पेच आहे. तेलाचा पातळ हात, कोरडे फडके आणि घासण्याचा मोह टाळणे, हा त्यावर साधा मध्यम मार्ग आहे.

वर्गात एखादा विद्यार्थी विचारतो, ती वाघनखे खरी आहेत का? शिक्षकाची अडचण अशी की, ‘नाही’ म्हटले तर अनादर होतो आणि ‘हो’ म्हटले तर असत्य. आमच्या मते या दोन्हींखेरीज तिसरे उत्तर आहे आणि तेच अभ्यासाचे आहे : कोणत्या प्रश्नाविषयी विचारतोस? इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करीत होते, ते महाराजांवरील श्रद्धा कमी होती म्हणून नव्हे. कागद तपासणे हीच त्यांची निष्ठा होती. प्रतापगडाचा प्रसंग एका पेटीवर उभा नाही. पेटीचा मजकूर चुकला म्हणून गड हलत नाही. उलट पेटीवरच सारा भार टाकला, तर उद्या ती पडल्यावर सोबत बरेच काही पडल्यासारखे वाटेल.

म्हणून चाकू घरी आल्यावर करावयाची शेवटची गोष्ट सांगतो. विक्रेत्याचे सहा ओळींचे वर्णन, छायाचित्रे आणि पावती जपून ठेवावी. आपण स्वतः काय पाहिले आणि विक्रेत्याने काय सांगितले, ते दोन वेगळ्या परिच्छेदांत, तारखेसह लिहून चाकूसोबत ठेवावे. दोनशे वर्षांनी कोणी ते वाचील, तेव्हा त्याला ऐकीव काय आणि पाहिलेले काय, हे वेगळे करता येईल. ईडनच्या पेटीवर लिहिणाऱ्याने एवढे केले असते, तर आज आपला बराच वाद वाचला असता.