लॅन केबलमधून आवाज कसा जातो?

पाचोडला सप्ताहाच्या मंडपात मागे बसलं की कीर्तनातला शब्द मला दोनदा ऐकू यायचा. कारण सोपं आहे. हवेतून 100 मीटर जायला आवाजाला साधारण 0.3 सेकंद लागतात, तारेतून सिग्नल लगेच पोहोचतो. म्हणून मागचा स्पीकर आधी बोलतो, स्टेजचा नंतर.

मोठ्या सभागृहांत आता डान्टे किंवा एईएस67 (2013) वापरतात. आवाजाचे सेकंदाला 48,000 नमुने घेऊन त्यांची पॅकेट्स साध्या इथरनेट केबलमधून पाठवतात. 24 बिटच्या एका चॅनेलचा डेटा जेमतेम 1.15 एमबीपीएस. सगळ्या उपकरणांची घड्याळं नेटवर्कवरच जुळवलेली असतात.

पण नुसत्या केबलने शब्द एकदाच ऐकू येत नाही. मागच्या स्पीकरला अंतर मोजून तेवढा उशीर द्यावाच लागतो. आणि वायफायवर विसंबू नका, पॅकेट उशिरा आलं की शब्द तुटतो.