गावचे हायस्कूल आणि मुंबईकर मंडळी

मालवण तालुक्यातील आचऱ्याचे हायस्कूल ‘धी आचरा पीपल्स असोसिएशन, मुंबई’ या संस्थेचे आहे. मसुऱ्याचे हायस्कूल मसुरे एज्युकेशन सोसायटी, मुंबई हिचे. तिकडे कणकवली तालुक्यात कासार्ड्याची शाळा कासार्डे विकास मंडळ, मुंबई यांची. शाळा खेड्यात, मुले शेतकऱ्यांची आणि संस्था मात्र मुंबईची, हा प्रकार घाटावरच्या पाहुण्याला चमत्कारिक वाटतो. आपणांपैकी ज्यांचे वाडवडील तळकोकणातून गिरगावात किंवा लालबाग-परळात येऊन राहिले, त्यांना त्यात नवल वाटणार नाही. अशा एखाद्या मंडळाची वर्गणीची पावती कित्येकांच्या घरी जुन्या पेटीत अजूनही सापडेल.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या जनगणना पाहिल्या, तर मुंबईबाहेर जन्मलेल्या मुंबईकरांत सर्वांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्याचा होता. आजचा सिंधुदुर्ग १ मे १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्यात मोडत असे. गावात मराठी शाळा असली, तर मुलगा व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत शिके. पुढची इंग्रजी शाळा मालवण, वेंगुर्ले, रत्नागिरी अशा मोठ्या ठिकाणी. तेथे मुलाला ठेवायचा कोठे आणि त्याच्या जेवणाचा खर्च द्यायचा कोणी? तेव्हा तो बोटीत बसे आणि मुंबईच्या धक्क्याला उतरे. चाळीत गावकीची खोली असे, तिच्यात वळकटी टाकायची आणि गिरणीच्या फाटकावर बदलीसाठी उभे राहायचे.

हायस्कूलची ओढ याच खोलीत उत्पन्न झाली, असे आम्हांस वाटते. साच्यावर उभा राहणारा आणि हापिसात टेबलाशी बसणारा, दोघेही एकाच गावचे, कधी एकाच घरचेही. दोघांत अंतर पडे ते मॅट्रिकच्या दाखल्याने. विद्येचा महिमा त्यांना कोणी सांगावा लागला नाही. पगाराच्या दिवशी ते अंतर हातात मोजून मिळत होते.

मग वर्गणी आली. पगार झाला की खोलीखोलीतून फिरायचे, परळच्या दामोदर हॉलमध्ये शाळेच्या मदतीसाठी नाटक लावायचे आणि तिकिटे खपवायची. (नाटक कसे वठले यापेक्षा तिकिटे किती गेली, याचीच चर्चा अधिक होत असे.) ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगने याच भागात कामगारांसाठी रात्रशाळा चालविल्या. दिवसा गिरणीत, रात्री वर्गात आणि रविवारी गावच्या शाळेच्या सभेत, असा क्रम असलेली माणसे या वस्तीत होती.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू केले. तेथे एका थोर पुरुषाने अनेक गावांना शाळा दिली. कोकणात तसा एक पुरुष नव्हता. प्रत्येक गावाने आपल्याच परागंदा मुलांकडून शाळा मागून घेतली. म्हणून या शाळांचा इतिहास विखुरलेला राहिला आणि तो कोणी नीट लिहिला नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. देणगीदारांच्या फलकावर नावे मुंबईकरांची. गावात मागे राहून शेती सांभाळणाऱ्या, नवऱ्याच्या मनिऑर्डरीतली वर्गणी आधीच कापली गेली हे जाणून घर चालविणाऱ्या बायकांचे नाव त्या फलकावर शोधावे लागते. आणि गावच्या हायस्कूलचा सर्वांत मोठा लाभ कोणाला झाला? मुलगा कसाही मुंबईला जाऊन शिकू शकला असता. मुलीला कोणी बोटीत बसविले नसते.

१९५९ नंतर आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांना फीची सवलत मिळाली. पुढे शिक्षकांचे पगारही सरकारी अनुदानातून होऊ लागले. हे झाले नसते, तर १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने गिरण्यांबरोबर या शाळाही बुडविल्या असत्या. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, मग वर्गणी कोठली? शाळा तगल्या, पण ज्या खोल्यांत त्या जन्मल्या, त्या खोल्या राहिल्या नाहीत. चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले.

आता अडचण वेगळीच आहे. दहावीच्या निकालात कोकण विभाग २०१२ पासून राज्यात सतत पहिला येत आहे, आणि बाके मात्र रिकामी पडत आहेत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर उतरली, रत्नागिरीचीही घटली. शाळेने मुलांना मुंबईजोगे केले, आणि ती मुंबईला गेली. ज्या कामासाठी शाळा काढली, ते तिने चोख केले. तिच्या पटसंख्येला तेच भोवले. पट घटला की शिक्षकांची पदे घटतात, आणि मग शेजारच्या दोन शाळा एक कराव्यात काय, हा प्रश्न येतो.

तो कोणी सोडवायचा? घटनेप्रमाणे मुंबईच्या मंडळाने. पण ज्या मुलीला त्यामुळे दुसऱ्या गावी पायी जावे लागणार, तिची आई त्या सभेला नसते. आमची सूचना साधी आहे. मंडळांनी आपली वार्षिक सभा दादर-परळातून हलवून गणपतीच्या दिवसांत गावी, शाळेच्याच इमारतीत भरवावी. मुंबईकर तेव्हा गावात असतातच, आणि गावातल्या बायकांना तेथवर येण्यासाठी बोट लागत नाही.