घर विकत घेताना आतल्या माणसाचे कागद

मुलांच्या शिक्षणासाठी आपल्यातल्या काही ताई देवपुरात घर बघतात. घर पसंत पडतं, भाव जमतो, पण एका खोलीत भाडेकरू असतो. मालक म्हणतो, "तो काय, सांगितलं की निघेल." या बोलण्यावर पैसे मोजायचे का? जरा इतिहास बघू.

धुळं पूर्वी लहान गाव होतं. 1819 मध्ये कॅप्टन ब्रिग्जनं इथं खानदेशचं ठाणं केलं, व्यापाऱ्यांना घरांसाठी जागा दिल्या. शहर पांझरेपलीकडेही पसरलं, आणि भाड्याची घरं आली.

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं सांगितलं, घर विकल्यानं भाडेकरूचा हक्क संपत नाही. नवा मालक फक्त जुन्याच्या जागी येतो. 1929 ची दुरुस्ती आणखी कडक. घरात कोणी राहत असेल, तर त्याचा हक्क घेणाऱ्याला ठाऊकच होता असं धरतात. "मला कुणी सांगितलं नाही" हे चालत नाही.

पुढे महायुद्धात घरांची टंचाई झाली, भाडी भडकली. म्हणून 1947 च्या मुंबई भाडे कायद्यानं 1 सप्टेंबर 1940 चं भाडं प्रमाण धरलं. भाडेकरूला आधार मिळाला, पण कित्येक घरांचं भाडं वर्षानुवर्षं तेवढंच राहिलं.

31 मार्च 2000 पासून राज्यभर एकच भाडे नियंत्रण कायदा, 1999 चा, लागू झाला. भाडेकरार लेखी आणि नोंदवलेला हवा, ती जबाबदारी मालकाची. करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. भाडेकरू वारला तर सोबत राहणाऱ्या घरच्यांना हक्क मिळू शकतो.

म्हणून इसार देण्याआधी भाडेकरार आणि जुन्या पावत्या मागा. पावती कोणाच्या नावावर, भाडं किती, कधीपासून, ते वाचा. डिपॉझिट कोण परत देणार आणि मागची थकबाकी कोणाची, हे खरेदीखतात लिहून घ्या. कोर्टात दावा आहे का विचारा. मग स्वतः त्या खोलीत जा, भाडेकरूशी बोला, तिचं म्हणणं लिहून सही घ्या. मालकाचा कागद आणि तिचं बोलणं जुळत नसेल, तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्या खोलीत राहणारीही बाईच असते, संसार करणारी. कागद नीट असले की तिचं छप्पर आणि तुमची बचत, दोन्ही सांभाळली जातात.