आगाऊ : एका विशेषणाचा माग

तेविसाव्या वर्षी मी एका कार्यालयात कारकून होतो. तळघरातली जुनी मोडी दप्तरं ओलीने कुजत होती. ती वर हलवावीत आणि अमुक क्रमाने लावावीत, असा दोन पानी अर्ज मी वरिष्ठांना दिला. अर्ज परत आला तो समासात एकच इंग्रजी शब्द घेऊन : 'प्रिझम्प्चुअस'. मला अर्थ ठाऊक नव्हता. विचारायची लाज वाटली, म्हणून संध्याकाळी वाचनालयात कोश उघडला. अर्थ वाचून कानशिलं तापली. त्याखालची व्युत्पत्ती मात्र मी दोनदा वाचली. शब्दांमागे लागण्याचं माझं वेड तिथून सुरू झालं.

लॅटिनमध्ये 'प्राए' म्हणजे आधी आणि 'सुमेरे' म्हणजे घेणे. जे अजून मिळालेलं नाही ते आधीच घेऊन टाकतो, तो प्रिझम्प्चुअस. मराठीत याला नेमका शब्द आहे : आगाऊ. भाडं आगाऊ देतात आणि पोरगंही आगाऊ असतं. 'आगा' म्हणजे पुढची बाजू. मुळाशी संस्कृत 'अग्र'. इंग्रजीतल्या 'फॉरवर्ड'चंही तेच : पुढचा तो फॉरवर्ड आणि आगाऊ तोही फॉरवर्ड. शब्द तीन, पण चित्र एकच : पाळी येण्याआधी रांगेत पुढे सरकलेला माणूस.

या शब्दाला धर्मशास्त्राचीही पार्श्वभूमी आहे. तेराव्या शतकातल्या टॉमस अक्वायनसने आशेच्या विरुद्ध जाणारी दोन पापं सांगितली. एक निराशा आणि दुसरं हे 'प्रिझम्प्शन', म्हणजे देवाची क्षमा आपल्याला मिळणारच, असं आधीच धरून चालणं. पुढे देवाची जागा साहेबाने घेतली. अपराधाचं स्वरूप मात्र बदललं नाही.

याच कुळातले इतर शब्द पाहावेत. 'इम्पर्टिनंट'चा मूळ अर्थ नुसता 'विषयाशी संबंध नसलेला'. उद्धटपणाचा अर्थ त्याला सतराव्या शतकात चिकटला. 'इन्सोलंट'च्या मुळाशी आहे ते, ज्याची सवय नाही ते. 'उद्धट' आला 'उद्धत'वरून, म्हणजे वर उचललेला. आणि 'अतिप्रसंग' ही तर संस्कृत तर्कशास्त्रातली संज्ञा. एखादा नियम जिथे लागू नये तिथेही लागू होऊ लागला, की तो अतिप्रसंगाचा दोष. मराठीत तोच शब्द आधी गैरवर्तनाला आणि मग स्त्रीच्या अंगचटीला जाण्याला लागला. 'इम्पर्टिनंट' आणि 'अतिप्रसंग' यांची कधी गाठ पडली नसावी. पण दोघेही तर्काच्या घरातून निघाले आणि वर्तनाच्या चावडीवर पोचले.

या शब्दांपैकी एकही, बोलणारा खरं बोलला की खोटं, हे सांगत नाही. तो कुठे उभा राहून बोलला, एवढंच सांगतो.

आता गंमत अशी, की 'प्रिझ्यूम' हे क्रियापद न्यायालयात अगदी सभ्य आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या चौथ्याच कलमात न्यायालयाने काय गृहीत धरावं, काय धरू शकेल, याच्या व्याख्या होत्या. न्यायालयाने गृहीत धरलं तर तो कायदा. अर्जदाराने धरलं तर तो आगाऊपणा.

हा फरक पोटात उतरतो तो रखमाबाईंच्या खटल्यात. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नांदायला जायला नकार दिला. दादाजी भिकाजींनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. त्याच वर्षी 'अ हिंदू लेडी' या नावाने 'टाइम्स ऑफ इंडिया'त रखमाबाईंची पत्रं आली. अपिलात निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. 'केसरी' त्यांच्या विरोधात उभा राहिला. १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली.

या गोष्टीत आधी घेतलं कोणी? अकरा वर्षांच्या मुलीचा होकार तिला विचारण्यापूर्वीच धरला गेला होता. व्युत्पत्तीच्या काट्यावर तोलायचं, तर आगाऊपणा तिथे झाला. पण मर्यादा ओलांडल्याचा ठपका आला तो, तो होकार परत मागणारीवर. रखमाबाई पुढे लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट इथे त्यांनी वर्षानुवर्षं रुग्णसेवा केली.

माझं प्रकरण याच्यापुढे अगदीच किरकोळ. पण वयाच्या पन्नाशीनंतर कळतं, की तो शेरा माझ्या अर्जावर नव्हताच. अर्जात चूक कुठे आहे, हे मला कोणी सांगितलं नाही. क्रम चुकला असता तर 'चूक' लिहिता आलं असतं. दप्तरं ओली नाहीत, असंही लिहिता आलं असतं. समासातल्या त्या शब्दाने यातलं काहीच न करता विषय संपवला.

दोन पावसाळ्यांनंतर त्या दप्तरांचा लगदा झाला आणि तो हातगाडीवरून नेला. अर्ज अजून माझ्याकडे आहे. शाई उडत चालली आहे. समासातली तेवढी अजून ठळक आहे.