लीग आणि यात्रा : जुन्नर-आंबेगावात शनिवारचे सामने का नव्हते?

इंग्लंडमधल्या एखाद्या छोट्या गावाच्या फुटबॉल संघाचा इतिहास वाचायला घेतला की एक गोष्ट पटकन लक्षात येते. शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्या शनिवारी तो संघ कोणाशी खेळला, किती गोल झाले, हंगाम संपताना तक्त्यात तो कितवा होता, हे बहुतेक वेळा कागदावर सापडतं. आता जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातल्या एखाद्या गावात जाऊन विचारा, "१९६५ च्या यात्रेत पहिला गाडा कोणाचा आला होता?" उत्तर मिळेलही. पण ते पारावर बसलेल्या एखाद्या आजोबांच्या आठवणीतून मिळेल.

माझं एम.एस्सी. संख्याशास्त्रात झालं. आता पीएच.डी.साठी मी ग्रामीण भागातल्या मोकळ्या वेळेचा इतिहास अभ्यासते आहे. विषय सांगितला की लोक हसतात. "मोकळ्या वेळेचा कसला इतिहास?" म्हणतात. म्हणून आज एकच प्रश्न घेते : इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत हौशी फुटबॉलच्या लीग उभ्या राहिल्या, मग आपल्या दोन तालुक्यांत कुठल्याच खेळाची तशी लीग का उभी राहिली नाही? "आपल्याकडे खेळाची आवडच नव्हती" हे उत्तर तर साफ चूक आहे. कुस्तीचा आखाडा आणि बैलगाड्याचा घाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना ते वेगळं सांगायला नको.

माझं म्हणणं थोडक्यात असं : स्पर्धेचं स्वरूप आवडीपेक्षा जास्त सुट्टीवरून ठरतं.

शनिवारी दुपारी दोन वाजता

१८५० साली ब्रिटनमध्ये कारखान्यांचा एक कायदा झाला. कापड गिरण्यांतल्या स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबलं पाहिजे, असं त्यात होतं. पुरुषांना हा नियम लागू नव्हता. पण बाकीचे कामगार गेल्यावर यंत्रं चालवणार कोण? म्हणून बऱ्याच ठिकाणी पुरुषांनाही सुट्टी मिळू लागली, आणि पुढच्या काही दशकांत शनिवारची अर्धी सुट्टी इतर उद्योगांत पसरली. हजारो माणसं एकाच दिवशी, एकाच वेळी मोकळी, आणि तीही दर आठवड्याला. शनिवारी तीन वाजता सामना सुरू करायची इंग्लंडची पद्धत इथून आलेली आहे.

शेफील्ड क्लब १८५७ चा, फुटबॉल असोसिएशन १८६३ ची. पण फुटबॉल लीग आली १८८८ मध्ये. मधली पंचवीस वर्षं काय चाललं होतं? कपचे सामने आणि मैत्रीपूर्ण सामने. यातली अडचण अशी की समोरचा संघ ऐनवेळी यायचाच नाही, किंवा त्याचा कपचा सामना निघाला की आपला रद्द व्हायचा. जमलेल्या प्रेक्षकांना परत पाठवावं लागायचं. अ‍ॅस्टन व्हिला क्लबच्या विल्यम मॅकग्रेगर यांनी मार्च १८८८ मध्ये इतर क्लबांना पत्र लिहून सुचवलं की निवडक क्लबांनी दरवर्षी एकमेकांशी ठरलेल्या तारखांना खेळायचंच, असा करार करू. लीगची मूळ कल्पना एवढीच आहे : न चुकणारं वेळापत्रक.

ही लीग पैसे घेऊन खेळणाऱ्यांची होती. पण पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, ईशान्य इंग्लंडच्या कोळसा खाणींच्या भागात नॉर्दर्न लीग सुरू झाली आणि ती दीर्घकाळ हौशी फुटबॉलचा आधार राहिली. वेस्ट ऑकलंड हे त्याच भागातलं खाणकामगारांचं गाव. तिथला हौशी संघ १९०९ मध्ये इटलीतल्या तुरिनला जाऊन लिप्टन चषक जिंकून आला. १९११ मध्ये पुन्हा गेला आणि अंतिम सामन्यात युव्हेंटसला ६-१ ने हरवलं. आठवडाभर खाणीत काम करायचं आणि शनिवारी खेळायचं, अशी ही माणसं होती.

तीन पद्धती, तीन हिशेब

आता थोडं गणित. घाबरू नका, शाळेतलंच आहे.

समजा २० गावांचे २० संघ आहेत. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं तर १९० सामने होतात. हरला तो बाहेर, अशी बाद पद्धत ठेवली तर फक्त १९. पहिल्या लीगमध्ये १२ क्लब होते आणि प्रत्येक जोडी दोनदा खेळायची, म्हणजे एकूण १३२ सामने, प्रत्येक क्लबच्या वाट्याला २२. दर शनिवारी एक धरला तरी पाच महिने लागतात. बाद पद्धत दोन-तीन दिवसांत उरकता येते, पण निम्मे संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी जातात.

तिसरी पद्धत आपल्या घाटातली. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते : आपल्याकडे घाट म्हणजे गाडे पळवण्यासाठी आखलेली चढाची धाव. गाड्याला चार बैल, पुढे घोडी. एका वेळी एकच गाडा पळतो. एका धावेला बारी म्हणतात आणि ती दहा-पंधरा सेकंदांत संपते. शेजारी प्रतिस्पर्धी नसतोच. शर्यत घड्याळाशी असते. पूर्वी हातातलं स्टॉपवॉच होतं, आता सेकंदाचा शंभरावा भाग दाखवणारी इलेक्ट्रॉनिक घड्याळं आहेत. ठरलेल्या सेकंदांच्या आत जितके गाडे येतील ते सगळे पहिल्या नंबरात, त्यापुढचे दुसऱ्या नंबरात. म्हणजे एका नंबरात अनेक गाडे बसतात. सगळ्यात वेगवान गाडा तो घाटाचा राजा.

समजा एका यात्रेला २०० गाडे आले. त्यांची लीग घ्यायची तर १९,९०० शर्यती लागतील. घड्याळाची पद्धत घेतली तर लागतात फक्त २०० बाऱ्या. जुंपण्यासकट एका बारीला दोन मिनिटं धरली तर ४०० मिनिटं, म्हणजे सहा तास चाळीस मिनिटं. सकाळी सुरू केलं तर संध्याकाळी पालखी निघायच्या आत आटोपतं!

हे गणित कोणी कागदावर मांडून ठरवलं असेल असं मी म्हणत नाही. पण ज्या गावाकडे वर्षातून एखाददुसराच दिवस आहे आणि ज्याला आलेल्या एकाही पाहुण्याला न खेळवता परत पाठवायचं नाही, त्या गावाला या तिन्हींतली हीच पद्धत परवडते.

तिथीवर चालणारा हंगाम

शेतकऱ्याला आठवडा नसतो, हंगाम असतो. पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यात पावसाळाभर भाताची कामं, पूर्वेकडे खरीप आणि रब्बी. रब्बीची सुगी झाली की चैत्र-वैशाखात हात मोकळे होतात, आणि नेमक्या तेव्हाच गावोगावच्या यात्रा असतात. त्याशिवाय काही मोठ्या यात्रा वेगळ्या तिथींना येतात. नागापूरच्या थापलिंगाची पौष पौर्णिमेला, ओतूरच्या कपर्दिकेश्वराची श्रावणी सोमवारी, आणि तिथला कुस्त्यांचा आखाडाही तेव्हाच.

प्रत्येक गावाची तिथी वेगळी. त्यामुळे गाडामालक, पैलवान आणि तमाशाचे फड एका गावाहून दुसऱ्या गावाला जाऊ शकतात. नीट पाहिलं तर हेही एक वेळापत्रकच आहे. त्याचं कार्यालय पाहायचं असेल तर गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला जा. तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात आणि पुणे, नगर, नाशिक जिल्ह्यांतले गावकरी आपल्या यात्रेची सुपारी द्यायला येतात. कोणत्या तारखेला कोणता फड कुठे, हे तिथे ठरतं. मॅकग्रेगर यांचा प्रश्नही हाच होता : कोण, कधी, कुठे. इंग्लंडने तो वारावर सोडवला, आपण तिथीवर.

फरक पडतो तो हरल्यानंतर. लीगमध्ये आज हरलात तर पुढचा शनिवार असतो. घाटात बैल बिचकला तर त्या गावात परत यायला वर्ष जातं. म्हणूनच गाडामालकाला इतकी घाटं हिंडावी लागतात.

मग कोल्हापूरला कसं जमलं?

कोणी म्हणेल, हा आपला स्वभावच आहे, आपण यात्रेची माणसं. तसं असतं तर कोल्हापूरला फुटबॉल रुजलाच नसता. तिथले संघ पाहा : पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. नावंच सांगतात की हे संघ कुस्तीच्या तालमींतून आले. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळासारखी मंडळं. आपल्याकडे जी तालीम पैलवान घडवत होती, तीच तिथे फुटबॉल संघ चालवू लागली.

पण कोल्हापूरकडे आपल्याकडे नसलेल्या काही गोष्टी होत्या. सगळे संघ एकाच शहरात, पेठेपेठेत. मैदानाला चालत जाता येतं, मुक्कामाचा खर्च नाही. संस्थानी काळात राजाश्रय मिळाला. सामने ठरवायला कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, खेळायला शाहू स्टेडियम. आणि शहराचा आठवडा, म्हणजे शाळा, कचेऱ्या आणि कारखान्यांच्या ठरलेल्या सुट्ट्या. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

मुंबईतही तेच दिसतं. गिरण्यांना रविवारची सुट्टी मान्य झाली १० जून १८९० रोजी. त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षं झगडले. रविवार हा खंडोबाचा वार, हाही मुद्दा त्यांच्या मागणीत होता असं सांगितलं जातं. मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला १८९१ मध्ये. तो गोऱ्या पलटणींचा होता, त्याचा गिरणीच्या सुट्टीशी थेट संबंध नाही. पण कामगार वस्त्यांमधल्या क्रीडामंडळांना पुढे जो रविवार मिळाला, तो लोखंड्यांचा. आपल्या तालुक्यांतले कितीतरी लोक पोटासाठी मुंबईला गेले. त्यांच्या आयुष्यात दोन्ही कॅलेंडरं होती : मुंबईत रविवार आणि गावाला यात्रेची तिथी.

हा वेळ मोकळा कोणाला?

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. यात्रेच्या दिवशी पुरुष घाटात असतात तेव्हा घरात पुरणपोळ्या लाटणं चालू असतं. पाहुणे शंभर असोत की दोनशे. एकाची सुट्टी दुसरीच्या कामावर उभी असते. इंग्लंडही यात काही वेगळं नव्हतं. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांचा सामना पाहायला सुमारे ५३ हजार लोक आले. वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ ला, फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांच्या मैदानांवर महिलांना मनाई केली आणि ती जवळपास पन्नास वर्षं टिकली. ज्या स्त्रियांच्या नावाने शनिवारची अर्धी सुट्टी मिळाली होती, त्यांनाच मैदान बंद!

बंदी आणि कागद

आता कागदाकडे येते, कारण या सगळ्यात खरी अडचण तिथेच आहे.

जुलै २०११ मध्ये केंद्राने प्रदर्शन आणि खेळासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, पण प्रत्यक्ष परवानगी मिळायला १६ डिसेंबर २०२१ उजाडला. शेवटी १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. बैलांना मारणं, शॉक देणं, शेपट्या पिरगाळणं हे आक्षेप खोटे नव्हते, आणि आजची परवानगी त्यावरच्या अटींसकट आहे.

या निकालात माझ्यासारख्या अभ्यासकाने थांबून वाचावा असा एक भाग आहे. जल्लिकट्टू ही खरोखर संस्कृतीचा भाग आहे का, हे ठरवायला सखोल सामाजिक अभ्यास लागतो, आणि न्यायालय तो करू शकत नाही, असं पीठाने म्हटलं. विधिमंडळाने घेतलेली भूमिका त्यांनी मान्य केली. म्हणजे "ही आमची परंपरा आहे" हे वाक्य पुराव्याने सिद्धही झालं नाही आणि खोडलंही गेलं नाही. ते काम शिल्लक आहे.

लीग चालवताना कागद आपोआप तयार होतो. तक्ता ठेवला नाही तर लीगच चालत नाही. यात्रेला तक्ता लागत नाही. नंबर पुकारला, बक्षीस दिलं, विषय संपला. उरतं फक्त हँडबिल : देवाचं नाव, तिथी आणि तारीख, मांडवडहाळे, हारतुरे, छबिना, बैलगाडा शर्यत, कुस्त्यांचा आखाडा, लोकनाट्य तमाशा, बक्षिसांचे आकडे आणि देणगीदारांची नावं. एका कागदावर गावाचा एका वर्षाचा मोकळा वेळ छापलेला असतो. वीस वर्षांची हँडबिलं ओळीने लावली तर बक्षीस कधी वाढलं, आखाडा कधी बंद झाला, बंदीच्या वर्षांत शर्यतीच्या जागी काय आलं, हे सगळं वाचता येईल. पण यात्रा झाली की ती वडापाव बांधायला जातात.

म्हणून एक मागणं. तुमच्या घरात जुन्या ट्रंकेत, देवघराच्या फळीवर किंवा वहीच्या पानांत असं एखादं हँडबिल असेल तर टाकू नका. मागे गावाचं नाव आणि साल लिहून ठेवा, एक फोटो काढून ठेवा. कोणाचा गाडा कितव्या नंबरात आला हे आजोबांना आठवत असेल तर त्याच कागदाच्या मागे तेही लिहून घ्या.