कोयनेलच्या झाडाला नाव कुणाचं?

हिवतापावरच्या कडू कोयनेलबद्दल तुम्ही घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलं असेल. ते, म्हणजे क्विनीन, मिळतं सिंकोना झाडाच्या सालीतून. हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचं. १८२० मध्ये पॅरिसला पेलेतिए आणि काव्हाँतू यांनी सालीतून क्विनीन वेगळं काढलं. मग प्रश्न उरला, एवढी साल आणायची कुठून?

आता गंमत बघा. सगळ्या सिंकोनांत क्विनीन सारखं नसतं. ब्रिटिशांनी आपल्याकडे निलगिरीत झाडं लावली, पण त्यांच्या सालीत ते कमीच निघालं. भरपूर क्विनीनचं झाड नेमकं कोणतं, हे ओळखणारा माणूस बोलिव्हियात होता: मान्युएल इन्क्रा मामानी. चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याचा हा नोकर. बी देशाबाहेर न्यायला बंदी होती, तरी त्यानं काही वर्षं खपून ते जमवलं.

१८६५ मध्ये ते बी लंडनला पोचलं. ब्रिटिश सरकारनं नाकारलं. डचांनी त्यातलं पौंडभर घेऊन जावा बेटावर लावलं. पुढे जगातलं बहुतेक क्विनीन जावातून येऊ लागलं.

आणि मामानी? पुन्हा बी जमवताना तो पकडला गेला. त्याला तुरुंगात टाकलं, बेदम मारलं. त्यातून तो वाचला नाही.

झाडाचं शास्त्रीय नाव पडलं सिंकोना लेजेरियाना. लेजरवरून. ज्यानं झाड ओळखलं, त्याचं नाव त्यात नाही. म्हणून आज इथे ते मुद्दाम घेतलं.