केसापाशी न थांबणारे औषध

आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. लाल अंगाची, टोकाशी काळा ठिपका असलेली गुंज सोनाराच्या ताजव्यात सोने तोलायला होती, तशी वैद्याच्या खलात टकलावर लावायलाही होती. केस जाण्याच्या विकाराला सुश्रुतसंहितेत इंद्रलुप्त म्हटले आहे आणि त्यावरचा उपचार चिकित्सास्थानात क्षुद्ररोगांसोबत सांगितला आहे. आधी स्नेहन आणि स्वेदन, मग डोक्याच्या शिरेतून रक्त काढायचे, मग मिरी, मनशीळ, हिराकस आणि मोरचूद यांचा लेप द्यायचा. नाहीतर त्वचेवर खोलवर ओरखडे काढून गुंजेचा लेप पुन्हा पुन्हा लावायचा. मनशीळ म्हणजे आर्सेनिकचे खनिज. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. आणि गुंजेत ॲब्रिन नावाचे जहाल विष असते. अख्खी बी पोटात गेली तर कठीण टरफलामुळे बहुधा तशीच बाहेर पडते, पण कुटलेली बी जीव घेऊ शकते. इथे तर कुटलेलीच गुंज ओरखडलेल्या, म्हणजे उघड्या त्वचेवर जायची होती. जुन्या वैद्यांना याची जाण नव्हती असे म्हणता येणार नाही. आयुर्वेदाने गुंजेला उपविषांत गणले आहे आणि वापरण्यापूर्वी ती गाईच्या दुधात किंवा कांजीत उकडून शुद्ध करायला सांगितले आहे. आजच्या भारतीय औषध नियमांतही विषारी आयुर्वेदिक द्रव्यांच्या यादीत गुंज आहे.

केसांच्या औषधांचा इतिहास म्हटला की भोंदूपणाचा इतिहास डोळ्यांपुढे येतो: माथ्यावर सिंह, पाणघोडा आणि मगर यांची चरबी चोळायला सांगणारे प्राचीन इजिप्तमधले नुस्खे, जत्रेतली तेले, बाटलीवरची काळीभोर वेणी. त्या इतिहासात फसवणूक आहेच. पण जी औषधे फसवी नव्हती, ज्यांनी खरोखर केस उगवले किंवा राखले, त्यांचा इतिहास मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यातून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. केसाच्या मुळाशी खरोखर काही घडवणारे औषध केसापाशी थांबत नाही. ते रक्तवाहिन्यांचे तरी असते, नाहीतर संप्रेरकांचे. त्यामुळे त्याचा गुण आणि त्याचा धोका या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, आणि दुसऱ्या कुठल्या आजारासाठी तोललेला धोका टकलाच्या पारड्यात जसाच्या तसा टाकता येत नाही.

मिनॉक्सिडिलचे उदाहरण घेऊ. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावच्या अपजॉन कंपनीने हे औषध रक्तदाबासाठी तयार केले. ते रक्तवाहिन्या सैल करते. 1971 च्या सुमारास कोलोरॅडो विद्यापीठात ते रुग्णांना देऊन पाहत असताना नको तिथे केस येऊ लागले, आणि गुंटर कान व पॉल ग्रँट या डॉक्टरांच्या लक्षात आले की हे टकलावरचे औषध होऊ शकते. गोळी लोनिटेन नावाने 1979 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, पण फक्त अशा रुग्णांसाठी, ज्यांचा तीव्र रक्तदाब दुसऱ्या औषधांना दाद देत नव्हता. तिच्या माहितीपत्रकावर चौकटीतला कडक इशारा होता: हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी साचू शकते, ते हृदयाला दाबू शकते, छातीतले दुखणे वाढू शकते. म्हणून तिच्यासोबत नाडीचा वेग आवरणारे आणि लघवी वाढवणारे औषध द्यायचे असा दंडक होता. त्याच माहितीपत्रकानुसार सुमारे 80 टक्के रुग्णांच्या अंगावरची बारीक लव तीन ते सहा आठवड्यांत लांब, जाड आणि काळी होई. स्त्रियांनाही कपाळावर आणि गालांवर केस येत. हा धोका पत्करण्याजोगा होता, कारण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पक्षाघात होता, निकामी होणारे मूत्रपिंड होते.

तेच औषध 1988 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत रोगेन नावाने टकलासाठी मंजूर झाले तेव्हा दुसरे पारडे पूर्ण बदलले होते. इथे वापरणारा माणूस धडधाकट होता. म्हणून औषधाचे रूप बदलले: पोटात घ्यायची गोळी जाऊन 2 टक्क्यांचा द्राव आला. बाटलीसोबतच्या नळीत 1 मिलिलिटर द्राव मोजून घ्यायचा, दिवसातून दोनदा, केस बाजूला सारून थेंब थेंब कोरड्या माथ्यावर सोडायचा आणि बोटांनी पसरायचा. त्यात मद्यार्कासोबत प्रॉपिलीन ग्लायकॉल असते. ते औषधाला त्वचेत शिरायला मदत करते आणि अनेकांच्या माथ्याला खाज व कोंडाही तेच आणते. लावलेल्यापैकी सरासरी 1.4 टक्के औषध रक्तात उतरते. हा आकडा लहान आहे, आणि या औषधाची सगळी सुरक्षितता त्या लहानपणावरच उभी आहे. 1996 पासून अमेरिकेत ते चिठ्ठीशिवाय मिळू लागले, कारण माथ्यावरून रक्तात जाण्याची वाट अरुंद आहे यावर विश्वास बसला होता. औषधाचा स्वभाव मात्र तोच राहिला. वापर थांबवला की काही महिन्यांत नवे केस गळतात. म्हणजे हा उपचार संपणारा नाही. ज्याला तो लागू पडतो त्याने तो वर्षानुवर्षे करायचा असतो.

गेल्या काही वर्षांत हे औषध पुन्हा पोटात जाऊ लागले आहे. त्वचारोगतज्ज्ञ रक्तदाबाच्या गोळीचा अर्धा किंवा पाव तुकडा, कधी त्याहूनही कमी मात्रा, केसांसाठी लिहून देतात. रोजच्या चिकट द्रावापेक्षा ते सोयीचे आहे. याच्या बाजूने पुरावाही आहे: 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 1404 रुग्णांच्या एका बहुकेंद्री अभ्यासात अंगावर केस वाढण्याची तक्रार 15 टक्क्यांच्या आसपास होती, चक्कर आणि सूज यांचे प्रमाण 2 टक्क्यांच्या आत होते आणि जिवावर बेतणारे काही आढळले नाही. हे आश्वासक आहे आणि ते बाजूला सारण्याचे कारण नाही. पण हा अभ्यास आधीच झालेल्या उपचारांच्या नोंदी तपासणारा होता. तज्ज्ञांनी निवडलेल्या, त्यांच्या नजरेखाली असलेल्या रुग्णांचा तो अनुभव आहे. नाडी आणि रक्तदाब न तपासता स्वतःच गोळी तोडून घेणाऱ्याला तो लागू होत नाही.

दुसरे औषध थेट संप्रेरकाच्या वाटेने आले. लहानपणी खच्ची केलेल्यांना टक्कल पडत नाही, हे हिप्पोक्रॅटिसच्या नावावरच्या ग्रंथांतही नोंदलेले आहे. 1942 मध्ये अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी त्याला शास्त्रीय आधार दिला: वयात येण्यापूर्वी वृषण गमावलेल्यांचे केस शाबूत राहतात, पण त्यांना टेस्टोस्टेरॉन दिले तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस जाऊ लागतात. 1974 मध्ये ज्युलियन इंपेराटो-मॅकगिन्ली यांनी डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या सालिनास गावच्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथली काही मुले जन्मतः मुलगी समजून वाढवली जात आणि वयात येताना त्यांच्यात पुरुषाची लक्षणे उमटत. टेस्टोस्टेरॉनचे अधिक जोरकस रूप, म्हणजे डीएचटी, बनवणारे विकर त्यांच्या शरीरात नीट काम करत नव्हते. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राही, दाढी विरळ असे आणि कपाळावरून केस मागे हटत नसत. मर्क कंपनीने या विकराला अडवणारे फिनास्टेराइड तयार केले. 1992 मध्ये 5 मिलिग्रॅमची गोळी वाढलेल्या प्रोस्टेटसाठी मंजूर झाली आणि 1997 च्या डिसेंबरात 1 मिलिग्रॅमची गोळी टकलासाठी.

सालिनासच्या त्या मुलांकडे पाहिले तर या औषधाचा गुण आणि धोका एकाच जागी दिसतो. डीएचटी केसाच्या मुळाला आकसवतो, आणि गर्भातल्या मुलग्याचे बाह्य जननेंद्रियही तोच घडवतो. म्हणून गरोदर बाईने चुरडलेल्या किंवा तुटलेल्या गोळीला हात लावू नये असा इशारा सुरुवातीपासून आहे. गोळीवरचे पातळ आवरण त्यासाठीच उपयोगी पडते. अख्खी गोळी हाताळली तर औषध बोटांना लागत नाही. अनेकांनी मात्र पैसे वाचवायला 5 मिलिग्रॅमची गोळी आणून तिचे चार तुकडे केले. सुरीच्या पात्यावर आणि ओट्यावर पडलेल्या भुकटीवर ते आवरण नसते. घरात कोणी गरोदर असेल तर ती काटकसर धोक्याची ठरते.

पुरुषाच्या स्वतःच्या शरीराबद्दलचे इशारे मात्र हप्त्याहप्त्याने आले. पहिल्या वर्षाच्या चाचण्यांत लैंगिक तक्रारी गोळी घेणाऱ्यांपैकी 3.8 टक्क्यांना होत्या आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी 2.1 टक्क्यांना. औषध थांबवले की त्या जातात, असे माहितीपत्रक सांगत होते. 2011 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, औषध थांबवल्यानंतरही काहींची तक्रार टिकून राहते ही नोंद त्यात घालायला लावली. 2012 मध्ये त्यात भर पडली. 2022 मध्ये आत्महत्येचे विचार आणि वर्तन यांचा उल्लेख आला. 2025 च्या मे महिन्यात युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षा समितीने आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडचा दुष्परिणाम असल्याला दुजोरा दिला आणि केसांच्या गोळीच्या खोक्यात रुग्णासाठी सूचनेचे कार्ड घालायला सांगितले. मंजुरीपासून मोजले तर पहिल्या नोंदीला चौदा वर्षे लागली आणि शेवटच्या शिक्कामोर्तबाला सत्तावीस. चाचणी एक-दोन वर्षांची आणि वापर विशी-पंचविशीपासून पुढे दशकभर, अशा औषधाबद्दलचे उशिराचे ज्ञान चाचणीतून येत नाही. ते गोळी घेणाऱ्यांच्या तक्रारींतून येते, आणि त्या तक्रारी ऐकायला कोणी तरी बसलेले असावे लागते.

यावर दोन आक्षेप वजनदार आहेत. पहिला असा की भीतीच तक्रार निर्माण करते. इटलीत 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रोस्टेटच्या 120 रुग्णांना फिनास्टेराइड दिले. ज्यांना लैंगिक परिणामांची कल्पना आधी दिली होती त्यांच्यात अशा तक्रारी 43.6 टक्के निघाल्या, ज्यांना दिली नव्हती त्यांच्यात 15.3 टक्के. हा फरक मोठा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. मनाचा वाटा आहे. पण न सांगितलेल्यांतही 15 टक्के उरलेच, आणि कोणती गोळी कोणाला हे ठाऊक नसलेल्या चाचण्यांतही औषधाच्या बाजूला आकडा अधिक होता. मेंदूशी संबंध जोडायलाही शारीरिक कारण आहे. फिनास्टेराइड ज्या विकरांच्या कुळाला अडवते, त्यांच्याच मदतीने मेंदूत ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचे मन शांत ठेवणारे द्रव्य बनते. तेच द्रव्य 2019 मध्ये अमेरिकेत बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर औषध म्हणून मंजूर झाले. यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण सगळ्या तक्रारी निव्वळ मनाचे खेळ म्हणून झटकता येत नाहीत.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. युरोपीय समितीपुढे आत्महत्येच्या विचारांच्या तीनशेहून अधिक संबंधित नोंदी होत्या, आणि औषधाचा अंदाजित वापर 27 कोटी रुग्ण-वर्षांचा. एवढ्या महासागरात हे थेंब, असे कोणी म्हणेल. समितीनेही मंजूर वापरात लाभ धोक्याहून जास्त आहे असेच म्हटले, आणि औषधावर बंदी घाला असा माझाही आग्रह नाही. विशीत कपाळ मोकळे होऊ लागलेल्या मुलाचे दुःख खरे असते; त्याला उथळ म्हणणे क्रूरपणाचे आहे. पण आपणहून कळवलेल्या नोंदी म्हणजे घडलेल्या सगळ्या घटना नव्हेत. आपले नैराश्य केसांच्या गोळीशी जोडून पाहावे हे सुचले तरच नोंद होते. शिवाय त्यातल्या बहुतेक नोंदी 1 मिलिग्रॅमची गोळी केसांसाठी घेणाऱ्यांच्या होत्या. दुखण्याने बेजार झालेला म्हातारा आणि आरशासमोरचा तरुण यांना धोक्याची टक्केवारी सारखीच असली तरी तिचे वजन सारखे नाही. तरुणाने ती उचलायची की नाही हे त्यानेच ठरवावे, पण ती आधी त्याच्या हातात ठेवली पाहिजे.

मग साधी तेले, झाडपाला बरा, असे म्हणून माणूस परत मागे वळतो. माका, ब्राह्मी, जास्वंदीचे तेल केसांना तुकतुकी देते आणि बहुतेकांना त्रास देत नाही, कारण ते मुळाशी फारसे काही घडवत नाही. जे घडवायचा दावा करते त्याला मात्र गुंजेचाच प्रश्न विचारावा लागतो. 2025 च्या मार्चमध्ये पंजाबातल्या संगरूर इथे टकलावरच्या तेलाचे शिबिर भरले आणि ते तेल लावून डोके धुतल्यावर साठाहून अधिक लोक डोळ्यांची आग घेऊन रुग्णालयात पोचले. आपल्या औषध नियमांच्या ‘जे’ या परिशिष्टात, जे बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये अशा विकारांत टक्कल आहे. फिनास्टेराइड आणि मिनॉक्सिडिल दोन्ही चिठ्ठीवर द्यायच्या औषधांत आहेत. कायदा कागदावर सावध आहे. दुकानाच्या काउंटरवर आणि मोबाइलच्या पडद्यावर ती सावधगिरी फार पातळ होते, आणि तिथेच बहुतेक तरुण आपली पहिली बाटली घेतात.

स्पेनच्या नवारा प्रांतातल्या औषधसुरक्षा केंद्राकडे 2023 मध्ये एका बाळाची नोंद आली, ज्याच्या पाठीवर, मांड्यांवर लव वाढत होती. बाळाला कसलेही औषध चालू नव्हते. त्याचे वडील त्याला सांभाळायला रजेवर होते आणि माथ्याला 5 टक्क्यांचे मिनॉक्सिडिल लावत होते. शोध घेतला तेव्हा युरोपभरात अशी आणखी बाळे सापडली. वडिलांच्या माथ्यावरून, हातावरून, कदाचित तोंडात गेलेल्या केसातून औषध बाळापर्यंत पोचले होते. संपर्क थांबल्यावर बाळांचे केस हळूहळू गेले. आता युरोपात त्या औषधाच्या माहितीपत्रकात सूचना आली आहे: लावल्यावर हात धुवा, आणि औषध लावलेल्या जागेला बाळाचा स्पर्श होऊ देऊ नका.